शिबिरातला दुसरा फौजदार

ती केस आठवली की आजही मला आधी घाम फुटतो आणि मग हसू येतं. क्रम हाच, कारण ती माझ्या टेबलावर आली तेव्हा तिच्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. हल्ली मे महिना जवळ आला की ओळखीपाळखीचे आईबाप विचारतात, "साहेब, मुलीला उन्हाळी शिबिराला पाठवायचं म्हणतोय. तुम्ही पोलिसातले. काय काय बघून घ्यावं?" मी त्यांना बसवतो, घरात चहा सांगतो आणि ही हकीकत ऐकवतो. नावं कुणाचीच घेत नाही. त्यातली पुष्कळ माणसं अजून आपापल्या घरी सुखात आहेत आणि त्यांनी तसंच राहावं.

ऐंशीच्या दशकाचे शेवटचे दिवस होते. मी जळगाव जिल्ह्यात, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका ठाण्याला फौजदार होतो. ठाणं लहान. एक हवालदार, मोजके शिपाई, एक जीप जी उतारावर चांगली चालायची, आणि फौजदार एकच, तो मी. ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. खान्देशातल्या मे महिन्यात गुन्हेगारसुद्धा दुपारचे बाहेर पडत नाहीत. आमच्याकडे यायच्या त्या वरातीतल्या मारामाऱ्या, पाण्याच्या टाकीवरची भांडणं आणि बैल चुकल्याच्या तक्रारी. बैल बहुतेक वेळा शेजारच्या गावात चरत सापडायचा.

त्या वर्षी एका संस्थेनं पायथ्याच्या एका आश्रमशाळेत मुलींचं उन्हाळी शिबिर भरवलं होतं. आश्रमशाळेला सुटी, त्यामुळे इमारत रिकामी. आठवी ते दहावीच्या मुली, जळगाव आणि धुळे दोन्ही जिल्ह्यांतल्या. डोंगर चढणं, लेझीम, लाठी, प्रथमोपचार असा कार्यक्रम होता. शिबिरप्रमुख बाई शहरातून आल्या होत्या. अंगानं किरकोळ पण आवाज असा की माझा हवालदारही पाय जुळवून उभा राहायचा. त्यांचा एक नियम पक्का होता: पालकांनी मुलीला फाटकापर्यंत सोडायचं आणि समारोपालाच न्यायला यायचं. मधे भेट नाही, डबा नाही, निरोप नाही.

शिबिर सुरू होऊन आठवडा झाला असेल. एका सकाळी बाई ठाण्यात आल्या. मला वाटलं, काही तक्रार. पण त्या हसत होत्या. म्हणाल्या, "साहेब, मुद्दाम आभार मानायला आले. पोलिसांबद्दल माझं मत इतकं चांगलं कधीच नव्हतं."

आमच्या धंद्यात आभार मानायला कुणी आलं की जरा जपून बसावं लागतं. मी विचारलं, "कशाबद्दल?"

"तुमचे फौजदार रोज येतात ना! फार शिस्तीचा माणूस. विहीर बघतात, कुंपण बघतात, मुलींना रांगेत उभं करून विचारपूस करतात. काल तर त्यांनी स्वतः विहिरीच्या कडेनं बाभळीच्या काटेरी फांद्या लावून घेतल्या."

माझ्या हातातला कप मी खाली ठेवला. "बाई, कोण फौजदार?"

"उंच, भरघोस मिशा, छातीवर पदकं."

माझ्या छातीवर तेव्हा गुंड्यांशिवाय काही नव्हतं. हवालदारानं माझ्याकडे पाहिलं, मी हवालदाराकडे. नोकरीत मला खबरी पुष्कळ मिळाल्या. पैशासाठी दिलेल्या, सूड म्हणून दिलेल्या, दारूच्या नशेत दिलेल्या. आभाराच्या रूपानं आलेली खबर ही एवढीच. आणि तिचा अर्थ असा होता की कुणी तोतया पोलीस रोज मुलींच्या शिबिरात जातो, त्यांना रांगेत उभं करतो आणि बाई त्याला चहा पाजतात.

खरं सांगतो, त्या क्षणी मी घाबरलो. माझी मुलगीही तेव्हा त्याच वयाची होती.

बाईंना म्हणालो, "त्यांनी ओळखपत्र दाखवलं का?"

"पोलिसाला ओळखपत्र कसं विचारायचं?" बाई म्हणाल्या. त्यांनी शिबिरासाठी औषधांची पेटी आणली होती, सर्पदंशाचं औषध कुठल्या दवाखान्यात मिळतं याची चौकशी केली होती, कुंपणाची तार नवी टाकून घेतली होती. लांडग्यापासून विंचवापर्यंत सगळ्यांचा बंदोबस्त होता. फक्त खाकी कपड्यांना फाटक उघडं होतं. हे मी त्यांना तिथेच सुनावलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला आणि मग त्या रडल्या. मला वाईट वाटलं, पण बोललो ते मागे घेतलं नाही.

दुसऱ्या दिवशी सापळा लावला. हवालदाराला धोतर-बंडी नेसवून स्वयंपाकघरामागे लाकडं फोडायला बसवलं. मी आणि एक शिपाई वर्गखोलीत खिडकीआड. मुलींना काही सांगायचं नाही असं बाईंना बजावलं होतं. उन्हं चढू लागली तसा फाटकाशी सायकलीवरून एक माणूस उतरला. खाकी गणवेश, तांबडा पट्टा, काळा चष्मा. एका खांद्यावर तीन तारे आणि दुसऱ्यावर एक. त्यानं खणखणीत शिटी वाजवली. शिटी वाजताच लाकडं फोडणारा माझा हवालदार ताडकन उठला, कुऱ्हाड टाकली आणि कडक सलाम ठोकला.

तोतयाही कच्चा नव्हता. त्यानं मान हलवून "विश्राम" म्हटलं आणि पुढे गेला.

हवालदाराला नंतर मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. "साहेब, हात आपोआप वर गेला," एवढंच तो सांगत राहिला. तोतया पुढे निघाला तेवढ्यात आम्ही बाहेर आलो आणि त्याला धरलं. त्यानं पळायचा प्रयत्नही केला नाही. घामानं मिशीचा डिंक सुटला होता आणि अर्धी मिशी ओठाखाली लोंबत होती. आतली मिशी पांढरी होती.

गणवेश पाहताच शिपाई म्हणाला, "साहेब, हा तर रायरंदाचा ड्रेस." खान्देशात बहुरूप्यांना रायरंद म्हणतात. सुगीनंतर ते पोलीस बनून गावोगाव येतात, पाटलाला अटक करायची धमकी देतात, लोक पोट धरून हसतात आणि सूपभर धान्य घालतात. इथल्या शेंबड्या पोरालाही तो ड्रेस ओळखू येतो. आजूबाजूच्या वस्तीवरच्या लोकांनी त्याला पाहिलंच होतं. त्यांना वाटलं, शिबिराच्या मुलींना हसवायला रायरंद येतो. म्हणून कुणी आम्हाला कळवलं नाही. फसल्या त्या एकट्या शहरातल्या बाई.

पण हा माणूस बहुरूपी नव्हता. बहुरूपी बोलण्यावर जगतो, आणि याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. ठाण्यात आणून बाकावर बसवला तर तो उठून जमिनीवर बसला. नाव विचारलं, गप्प. गाव विचारलं, गप्प. सरकारी नोकर असल्याची बतावणी केली म्हणून कलम एकशे सत्तर लागेल, कोर्टात उभं राहावं लागेल, हे समजावलं. त्यानं हात जोडले आणि परत गप्प. हवालदार सलामाच्या लाजेनं पेटलेला होता. "साहेब, दोन मिनिटं माझ्याकडे द्या." मी दिला नाही. चौकशीत हात उचलणाऱ्याला कबुली मिळते, सत्य मिळेलच असं नाही.

मी त्याच्याकडे बघत बसलो. सराईत गुन्हेगार ठाण्यात आला की दाराकडे बघतो. हा भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होता. तळहाताला घट्टे, पायाला भेगा, म्हणजे शेतकरी. जेवणाची वेळ झाली तसा तो चुळबुळ करू लागला. त्याला भाकरी दिली, त्यानं खाल्ली नाही. एकदाच तोंड उघडलं. "साहेब, तठे पोरी जेवन्यात का?"

तिथे पोरी जेवल्या का, ही चौकशी भामट्याला कशाला हवी? मी जीप काढली आणि परत शिबिरात गेलो.

स्वयंपाक करणारी अक्का जवळच्याच गावची. तिला विचारलं, हा माणूस इथे येऊन नेमकं करायचा काय?

"लई भला माणूस, साहेब," ती म्हणाली. "जोडा बाहेर काढस, मंगच चुल्हाजवळ येस. इचारस, पाणी गाळी लिन्हं का, पोरीस्नी डोकाले तेल लावं का. आनि सांगे, भरीत करशात तं येखादी पोरले वांगं चालत नही, तिनाकरता वरन ठेवा."

मी तिथेच एका पाटावर बसलो. माझ्या आख्ख्या नोकरीत मी अनेक वरिष्ठांची तपासणी सोसली. कुंपण, हत्यारं, दप्तर सगळं तपासलं गेलं. पण मुलींच्या डोक्याला तेल लावलं का, हे विचारणारा अधिकारी माझ्या पाहण्यात नव्हता. हा पोलीस नव्हता, बहुरूपी नव्हता आणि भामटाही नव्हता. हा कुणाचा तरी बाप होता.

कुणाचा, ते शोधणं खान्देशात फार अवघड नव्हतं. दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यात मुलींच्या घोळक्यातून वांगं न खाणारी निवडायची म्हटलं तर दिवस गेला असता. इथे ती एकटीच निघणार, कारण इथलं लेकरू दूध सोडतं ते भरितासाठी. भरिताचे खरे दिवस हिवाळ्याचे, पण वांगी उन्हाळ्यातही मिळतात. अक्काला म्हटलं, उद्या भरीत कर आणि वरण अजिबात करू नकोस.

दुसऱ्या दिवशी पंगत बसली. सगळ्या पोरींनी ताटं साफ केली. कोपऱ्यातली एक, दोन घट्ट वेण्यांची, चटणीशी भाकरी खात होती आणि आपलं भरीत शेजारणीच्या ताटात सरकवत होती. जेवण झाल्यावर बाईंच्या समक्ष मी तिला निंबाखाली बोलावलं. शिंदखेडा तालुक्यातली, नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली. मी गणवेशात होतो, तरी ती जराही दबली नाही.

"तुझे वडील कुठे असतात?" मी विचारलं.

ती म्हणाली, "काल सकाळी इथेच होते, साहेब. आता तुमच्याकडे असतील."

बाईंनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"पहिल्याच दिवशी कळलं. फौजदार कधी चुलीपाशी बूट काढून जातो का? आमचे आबा जातात." मग तिनं मागे वळून पाहिलं. वर्गखोलीच्या खिडकीत एकावर एक डोकी जमली होती. "बठ्ठ्या, सगळ्याच पोरींना माहीत आहे, साहेब. ते आले की आम्ही रांगेत उभ्या राहतो आणि सांगतो, साहेब, तेल लावलं. फक्त बाईंना सांगितलं नाही. बाईंनी मला घरी पाठवलं असतं."

एवढ्या पोरींनी एक गुपित आठवडाभर सांभाळलं होतं. माझ्याकडे दोन चोर आणले तर तासाभरात एक दुसऱ्याचं नाव सांगतो.

मग तिनं सगळं सांगितलं. तिला धुळ्याला वसतिगृहात राहून कॉलेज करायचं होतं. घरात मोठे काका कर्ते. त्यांचं म्हणणं, मुलगी एकदा घराबाहेर राहिली की हाताबाहेर गेली. आबांच्या मनात होतं, पण धीर नव्हता. शेवटी दोघा भावांत ठरलं की आधी पोरीला या शिबिराला धाडून बघू. काही वावगं न घडता परत आली तर धुळ्याला पाठवू. वावगं घडलं तर पुढचं शिक्षण बंद आणि येत्या लग्नसराईत हात पिवळे. निघताना तिनं आबांकडून शब्द घेतला होता की तुम्ही मागे यायचं नाही. नाहीतर काका म्हणतील, बापालाच भरवसा नाही.

"केस केली तर काकांना कळेल," ती म्हणाली. आता मात्र तिचा आवाज हलला. "मी काहीच केलं नाही साहेब, आणि तरी माझं धुळं जाईल. आणि एक. मी त्यांना ओळखलं, हे त्यांना सांगू नका. त्यांना फार लाज वाटेल."

मी ठाण्यात परतलो. तो तसाच जमिनीवर, घड्याळाखाली. मी म्हणालो, "तुमची मुलगी जेवली. भरीत होतं, तिनं चटणीशी भाकरी खाल्ली."

दगडाला पाझर फुटावा तसा तो माणूस फुटला. पन्नाशीचा बाप्या, ओक्साबोक्शी रडला. "साहेब, पोर मनी शे. तिले सांगू नका. मी तिले शबद दिन्हा व्हता का मी येणार नही. पन घरमा मना जीव लागे ना. ती कधी मना डोयाआड ऱ्हायनी नही." घरी तो नातलगांच्या लग्नांना जातो म्हणून निघाला होता. शेजारच्या गावातल्या देवळात मुक्काम. ड्रेस ओळखीच्या बहुरूप्याकडून मागून आणलेला, पुतण्याच्या लग्नात गंमत करायची असं सांगून.

त्याला एकच भीती होती. कोर्टाची नव्हे, लेकीची. तिकडे लेकीला एकच काळजी, बापाच्या लाजेची. दोघांनी मला एकमेकांपासून तेच गुपित राखायला सांगितलं आणि मी दोघांनाही हो म्हणालो. असं दुहेरी गुपित राखायचं काम फौजदारी कायद्यात कुठेच लिहिलेलं नाही.

कायद्यानं पाहिलं तर त्यानं कुणाला फसवून काही उकळलं नव्हतं, उलट शिबिराची विहीर सुरक्षित केली होती. बाईंचा जबाब घेतला. त्यांना तक्रार द्यायची नव्हती. मी स्टेशन डायरीत नोंद केली, त्याला सक्त समज दिली आणि घरी जायला सांगितलं. तो जाईना. एवढ्यात परतलो तर मोठा भाऊ विचारेल, लग्नं इतक्या लवकर कशी आटोपली? मग तो समारोपापर्यंत ठाण्याच्या आवारातच राहिला. आमच्या मोडक्या रहाटाला नवा दोर ओवला, झाडांना आळी केली, जीपवरची धूळ रोज पुसली. हवालदाराशी त्याची एवढी गट्टी जमली की सलामाचा विषय काढायची परवानगी फक्त त्यालाच होती.

मधल्या काळात तो बहुरूपी माग काढत आपला ड्रेस न्यायला ठाण्यात आला. लग्नसराईत त्याला कामं होती. ड्रेस हातात घेऊन, उसवलेली शिवण बघत, तो आबांना म्हणाला, "आबा, मी जन्मभर हा ड्रेस घालून फौजदाराच्या दारावरून गेलो, कुणी धरलं नाही. तुम्ही आठवड्यात आमच्या धंद्याची अब्रू घालवली."

समारोपाच्या दिवशी मी मुद्दाम गणवेशात गेलो. फाटकावर दोन मुली लाठ्या आडव्या धरून उभ्या होत्या. "ओळखपत्र, साहेब." बाईंनी माझं बोलणं मनावर घेतलं होतं. मी खिसे चाचपले. ओळखपत्र ठाण्यातल्या खणात होतं. हवालदार पुढे झाला, म्हणाला, "अगं, हे खरे फौजदार." मुलगी म्हणाली, "आणि तुम्ही कोण? त्या दिवशी तर तुम्ही लाकडं फोडत होता." आम्ही दोघं उन्हात उभे राहिलो, बाई येऊन ओळख पटवेपर्यंत. मला राग आला नाही. असाच बंदोबस्त पाहिजे असं वाटलं.

कार्यक्रम संपला. पालक आपापल्या मुली शोधत होते. आबा धुतलेलं धोतर, टोपी घालून फाटकाबाहेर उभे, जसे आताच एस.टी.तून उतरले. मुलगी पेटी घेऊन आली. पाया पडली. आबांनी विचारलं, "बरं व्हतं ना? काही तरास नही?"

"काही नही," ती म्हणाली. "पोलीस रोज येयेत." मग पेटीची कडी सावरत, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, "फौजदार भला माणूस व्हता, आबा. पन आते धुयाले त्यानं काम नही."

मी जवळच उभा होतो. धुळ्याला आता फौजदाराचं काम नाही, हे आबांना नेमकं कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मानेनं नाही म्हटलं, की मी काही सांगितलेलं नाही. ते त्यांना पटलं असावं. त्यांनी पेटी घ्यायला हात पुढे केला, तिनं दिली नाही. शेवटी एक कडी तिनं आणि एक त्यांनी धरली आणि दोघं एस.टी.च्या थांब्याकडे चालू लागले.

जूनच्या अखेरीला आबा ठाण्यात पेढे घेऊन आले. मुलगी धुळ्याच्या वसतिगृहात दाखल झाली होती. काकांनी कुरकुर केली, पण ठरल्या शब्दाला बांधले गेले. मी विचारलं, "मग, जाऊन आलात का बघायला?"

"नही, साहेब. दिवायीले लेवाले जासू. पह्यले नही." दिवाळीला आणायला जाईन, त्याआधी नाही, हे सांगताना त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज पक्का होता.

तर, मुलीला शिबिराला पाठवण्याआधी काय बघावं? प्रमुख कोण, मुक्कामाला जबाबदार बायका किती आहेत, विहीर कशी, कुंपण कसं, दवाखाना किती लांब, फाटकातून कुणाला आत सोडतात आणि खाकी बघून सोडतात की ओळख बघून. हे सगळं स्वतः जाऊन बघा, लाज न बाळगता विचारा. समाधान झालं नाही तर मुलीला परत घेऊन या. त्यात कमीपणा नाही. समाधान झालं तर मात्र तिला तिथे सोडा आणि तुम्ही घरी जा. आईबापांना मी हे सांगतो तेव्हा विहीर-कुंपण ते लिहून घेतात आणि घरी जाण्याचं ऐकलं न ऐकलंसं करतात. शिबिर मुलींसाठी असतं असं आपण समजतो. माझ्या अनुभवात तिथली परीक्षा आईबापांची असते, आणि त्या वर्षी एक बाप तिच्यात उशिरानं का होईना, पास झाला.